पाऊलबाबांचं पितळी ताट

"टाकलं! टाकलं पाऊल!"

पुढच्या रांगेतली बाई किंचाळली आणि बंद पडलेल्या त्या सिनेमागृहातल्या सगळ्या खुर्च्या एकदम खडखडल्या, कारण सगळी माणसं एकाच वेळी उभी राहिली. पूर्वी जिथं पडदा होता तिथं आता पाऊलबाबा होते. पांढरा झगा, विंचरलेली दाढी, आणि दोन्ही तळहातांनी काखांखाली धरून उभं केलेलं एवढंसं बाळ. पाण्याच्या बाटलीएवढं. त्याचे तळवे खालच्या पितळी ताटाला टेकले की एक गुडघा वर यायचा, मग दुसरा. चवड्यांवर, टप टप, जणू कुठं तरी पोचायची घाई झाली होती.

"दवाखान्यानं काय सांगितलं होतं?" बाबा गरजले. "ग्रॅम सांगितले! टक्के सांगितले! नळ्या सांगितल्या! पाऊल सांगितलं होतं कुणी?"

"नाही!"

"ज्या लेकराला मान धरता येत नाही ते चालतंय! कोण चालवतंय?"

"बाबा!"

"मी नाही रे, मी नाही," बाबा विनयानं म्हणाले, पण ते इतक्या हळू की मागच्या रांगांपर्यंत काही पोचलं नाही.

आठव्या रांगेत एक लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस बसला होता. बसला होता म्हणायचं इतकंच. त्याची टाच सारखी हलत होती, हात खिशातल्या टेस्टरशी चाळा करत होते. एका बाजूला बायको, मांडीवर तीन महिन्यांची मुलगी. दुसऱ्या बाजूला त्याची आई, जी हट्टानं सगळ्यांना इथं घेऊन आली होती.

मुलगी दहा आठवडे आधी जन्मली होती. आठ आठवडे काचेच्या पेटीत होती. पहिल्या दिवशी नर्स म्हणाली होती, "आजचा दिवस टिकली तर बघू." टिकली. दुसऱ्या दिवशीही टिकली. मग तेच नाव पडलं, टिकली. घरी आणल्यावर तरी जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तो पेटीजवळच राहिला. लिफ्टवाला तासातासाला मुलीच्या नाकाशी बोट धरायचा. कामावर, लिफ्टमध्ये वजन जास्त झालं की जो बझर वाजतो, तो ऐकून त्याच्या हातातून पाना गळून पडायचा. पेटीशेजारचं यंत्र अगदी तसंच वाजायचं. बायको चष्म्याच्या दुकानात काचा तपासायची. एका केसाएवढा ओरखडा तिच्या नजरेतून सुटत नसे. आता ती मुलीला तशीच तपासत बसायची, आणि रोज काहीतरी सापडायचं.

तरी लिफ्टवाला भोळा नव्हता. त्याला उलट अभिमान होता, की आपल्याला कुणी बनवू शकत नाही. तो उठला, थेट मंचावर गेला. "बाबा, ताट बघू का?"

"बघा! दहा वेळा बघा!" बाबा हसले. "शंका घेऊन येतात, पावलं घेऊन जातात!"

त्यानं ताट उलटं केलं. वाजवून पाहिलं. टेस्टर लावला. खालचं टेबल सरकवलं, फळीवर कान लावला. ना तार, ना चुंबक, ना स्प्रिंग. साधं, जड, पितळेचं ताट. तो खाली आला तेव्हा त्याचा चेहरा बदलला होता.

"काही नाही गं," तो बायकोला म्हणाला. "काहीच नाही त्याच्यात."

हुशार माणसं बरेचदा इथंच घसरतात. लबाडी सापडली नाही, म्हणून त्यानं चमत्कार मान्य करून टाकला. ताट तपासलं, बाळ तपासायला पाहिजे होतं हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

पंधरा मिनिटांनी टिकली त्या ताटावर चालली. सहा पावलं. बायको हुंदके देऊन रडली. आईनं हात जोडले. लिफ्टवाल्याच्या टाचेचं हलणं त्या दिवशी पहिल्यांदा थांबलं.

*

दीड महिन्यानं ते परत गेले तेव्हा टिकलीनं चालायला नकार दिला.

दारात मागच्या वेळचीच बाई उभी होती. आत येणाऱ्या प्रत्येकाला ती मायेनं विचारायची, "किती दिवसांचं बाळ? किती आठवडे आधी आलं?" आणि उत्तर ऐकून कुणाला उजव्या रांगेत बसवायची, कुणाला डाव्या. आज तिनं यांना डावीकडे बसवलं. बाबांनी टिकलीला ताटावर टेकवलं. पाय नुसते लोंबले. पुन्हा टेकवलं. गुडघे दुमडले आणि ती रडायला लागली.

हॉलमधली माणसं माना उंचावून बघू लागली.

"चाल होती," बाबा म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी बघितली. मग गेली कुठं?" त्यांनी बायकोकडे बोट केलं. "आईला विचारा! दिवसभर भिते की नाही? लेकराकडे बघून रडते की नाही?"

बायकोनं मान हलवली. खरंच होतं ते.

"आईच्या भीतीनं लेकराची चाल खाल्ली!"

आठ-दहा बायकांनी आपापली बाळं छातीशी ओढली. बायकोचा चेहरा राखेसारखा झाला.

उपाय तयारच होता. दहा आठवड्यांचा नेम. आईनं लेकराला हात लावायचा नाही, दूध काढून दुसऱ्यानं पाजायचं. दवाखान्याचं तोंड बघायचं नाही, कारण यंत्राची नजर लागते. रोज दोन्ही वेळा घरातलं पितळी ताट पुसून बाबांचं नाव घ्यायचं. "दहाव्या आठवड्यात पोर मान ताठ धरेल, कूस पालटेल. नाही पालटली तर माझी दाढी काढा!"

जाताना एक बाई जिन्यात भेटली. कडेवर दीड वर्षाचा मुलगा, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले. "आमचा तिसरा नेम चालू आहे," ती म्हणाली. "बाबा म्हणतात माझी श्रद्धा कमी पडते." लिफ्टवाल्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

घरात नेम सुरू झाला. आजी नातीला घेऊन आतल्या खोलीत, आई बाहेरच्या खोलीत. टिकली रडली की बायको उठायची, दारापर्यंत जायची, परत फिरायची. भिंतीला धरून उभी राहायची. जेवण ताटात तसंच राहायचं. नवरा काही विचारायला गेला की म्हणायची, "काही नाही," आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायची. तोही घरात ठरेना. कामावरून आला की चपला न काढताच पुन्हा बाहेर पडायचा. रस्त्याच्या टोकापर्यंत जायचा, काही झालं असेल तर, म्हणून धावत परत यायचा.

तिसऱ्या आठवड्यात एकदा तो दुपारीच घरी आला. बायको घरात नव्हती. ती वरच्या मजल्याच्या जिन्यात, पायरीवर बसलेली सापडली. अनवाणी.

"इथं काय करतेस?"

"आत रडत होती. इथं कमी ऐकू येतं."

तो शेजारी बसला. तिनं सरकून जागा दिली. मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "अहो, आधी माझ्या पोटात राहिली नाही. मग माझ्यामुळे चाल गेली. उद्या श्वास जाईल. मीच नसले तर बरं होईल ना? सगळ्यांचंच सुटेल."

ती हे रडून म्हणाली असती तर तो तिची समजूत घालत बसला असता. ती अगदी शांतपणे म्हणाली. भाजी संपली आहे असं सांगावं तसं. लिफ्टवाला उठला. त्यानं तिचं मनगट धरलं आणि ते न सोडता तिला खाली आणलं, तसाच आतल्या खोलीत गेला आणि आईच्या मांडीवरून टिकलीला उचललं.

"अरे! अजून सात आठवडे आहेत!"

"आई, बाजूला हो."

"मी काय तिची वैरीण आहे?" आईचा आवाज फुटला. "सातव्या महिन्यातलं माझंही एक गेलंय रे. तुला कधी सांगितलं नाही. मला ही हवी आहे!"

हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्यानं टिकलीला खांद्याशी घेतलं. मग म्हणाला, "मग चल. चपला घाल. दवाखान्यात चाललोय."

टॅक्सीत त्यानं टिकलीला बायकोच्या मांडीवर ठेवलं. बायकोनं हात वर धरले, लावले नाहीत. पहिल्या वळणावर गाडीला हिसका बसला, तेव्हा ते हात आपोआप मुलीभोवती मिटले.

*

वेळेआधी जन्मलेल्या बाळांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा डोक्यावर, बोलणं तोडून टाकल्यासारखं. यांनी तपासणीच्या दोन तारखा बुडवल्या होत्या, त्याबद्दल त्या आधी रागावल्या. मग त्यांनी बायकोकडे नीट पाहिलं आणि रागवायच्या थांबल्या.

"तुम्ही कशा आहात?"

बायकोला प्रश्न कळलाच नाही. "वजन चार किलो सहाशे झालंय," ती म्हणाली.

"बाळाचं नाही विचारलं. तुमचं."

पाच महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्यानंसुद्धा. ती बोलायला लागली, आणि जिन्यात जे म्हणाली होती तेही बोलली. डॉक्टरीणबाईंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

मग लिफ्टवाल्यानं बाबांची सगळी कहाणी सांगितली. "पण बाई, चालली हो ती! मी ताट स्वतः तपासलं. काही नव्हतं त्यात."

"ताटात काय असणार?" त्या उठल्या. "थांबा."

पाच मिनिटांनी त्या शेजारच्या वॉर्डातून कालच जन्मलेलं एक बाळ, आणि त्यामागून धावत येणारी त्याची आजी, असं घेऊन आल्या. बाळाला काखांखाली धरून त्यांनी त्याचे तळवे टेबलावर टेकवले. साधं लोखंडी टेबल, वर कागदपत्रं. बाळ चाललं. एका फायलीवरून दुसऱ्या फायलीवर.

"अगं बाई!" ती आजी ओरडली. "आमचा एका दिवसात चालला?"

"सगळ्यांचेच चालतात, आजी. तळव्याला काही टेकलं की पाय उचलायचा, ही नवजात बाळाची उपजत हालचाल आहे. तुमच्या हाताला चटका बसला तर तो झटकन मागे येतो ना, विचार न करता? तसंच. बाळाला त्यातलं काही कळत नाही. दोनेक महिन्यांत ही हालचाल दिसेनाशी होते."

"दिसेनाशी का होते?" बायकोनं विचारलं. त्या दिवसातला तिचा तो पहिला प्रश्न.

"दाखवते. पण धरायचं तुम्ही."

कोपऱ्यातल्या बाळांच्या टबमध्ये त्यांनी कोमट पाणी सोडलं. बायकोनं बाह्या वर सारल्या. तिनं टिकलीला काखांखाली धरलं, छातीपर्यंत पाण्यात उतरवलं, तळवे टबाच्या तळाला टेकवले.

टिकलीनं उजवा पाय उचलला. मग डावा. मग उजवा.

"चाल कुठंही गेली नव्हती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाय जड झाले. या मांड्या बघा! दोन महिन्यांत एवढं अंग भरलं, आणि ते उचलायला लागणारी ताकद अजून यायची आहे. पाण्यात पाय हलके होतात, म्हणून उचलते. आणि हे अंग कशानं भरलं? तुमच्या दुधानं. तुम्ही तिचं काही खाल्लं नाहीत. तुम्ही तिला खाऊ घातलंत."

बायको टबापाशीच खाली बसली. टिकलीला तशीच धरून. तिच्या कोपरांवरून पाणी ओघळत होतं आणि ती रडत होती की हसत होती ते टिकलीच्या आजीलाही सांगता येईना.

"पण मान अजून डगमगते," लिफ्टवाला म्हणाला. "पाच महिन्यांची झाली तरी."

"पाच नाही, अडीच. दहा आठवडे आधी आली ना? मग वाढ मोजताना ते दहा आठवडे वजा करायचे. जन्माच्या तारखेपासून नाही, जन्मायला हवी होती त्या तारखेपासून मोजायचं. अडीच महिन्यांच्या बाळाची मान अशीच असते."

बायकोनं मान वर केली. काचेत ओरखडा दिसल्यावर तिची नजर जशी थांबायची तशी थांबली होती.

"दहा आठवडे आधी आली," ती सावकाश म्हणाली, "आणि बाबांनी नेमही दहा आठवड्यांचाच दिला. दारातली बाई ते आधीच विचारून घेते, आणि वयावरून डावी-उजवी रांग ठरवते."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोक्यावरून नाकावर घेतला. "वा," त्या म्हणाल्या. "हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं."

त्या दिवशी त्यांनी दोघांनाही खालच्या मजल्यावर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. "मी ठीक आहे," लिफ्टवाला म्हणाला. बाईंनी त्याच्या हलणाऱ्या टाचेकडे बोट केलं आणि चिठ्ठी त्याच्याही नावानं लिहिली. इतके महिने भीती अंगात मुरली की तो आजारच होतो, त्याला औषध असतं, त्यात लाजायचं काही नाही, असं त्या म्हणाल्या. आणि आजीला म्हणाल्या, पुढचे काही आठवडे सुनेला एकटं सोडायचं नाही. मुलीपासून तर मुळीच तोडायचं नाही.

*

तीन आठवड्यांनी ते सिनेमागृहात पुन्हा गेले. बायको पुरती बरी झाली नव्हती. सकाळी तिला उठवावं लागायचं, कधी बोलता बोलता गप्प व्हायची. पण जायचं तिनंच ठरवलं होतं. लिफ्टवाल्याच्या हातात प्लास्टिकचा टब होता आणि आजीच्या दोन्ही हातांत कोमट पाण्याच्या बाटल्या.

बाबांचं गर्जून झालं, एक बाळ चालून झालं, खुर्च्या खडखडून झाल्या. तेवढ्यात बायको उभी राहिली. आवाज बारीक होता, पण हॉल सिनेमाचाच, सगळीकडे पोचला.

"तुमचं बाळ किती आठवडे आधी आलं?" तिनं शेजारच्या बाईला विचारलं.

"सहा."

"नेम किती दिला?"

"सहा."

"आणि तुमचं?"

"नऊ," पुढचा माणूस म्हणाला, आणि पुढचं विचारायच्या आत त्याचं तोंड उघडं राहिलं. "नेमही नऊच."

मागून आवाज येऊ लागले. "आमचे सात, सात!" "आमचेही सारखेच!"

"तो देवाचा हिशोब आहे!" बाबा ओरडले.

"हिशोब दारातल्या बाईचा आहे. आत येताना तुम्हीच तिला आकडा सांगितलात, आणि बाबांनी तोच परत दिला. बाळ जितके आठवडे आधी येतं, साधारण तितकेच आठवडे मागून सगळं शिकतं. नेम केला तरी, न केला तरी. मधल्या काळात तुमच्या मांडीवरून बाळ काढून घेतलं, एवढंच यांनी केलं."

लिफ्टवाला तोवर मंचावर चढला होता. टबात पाणी ओतलं. बायकोनं टिकलीला पाण्यात धरलं आणि जिची चाल आईनं खाल्ली म्हणून याच मंचावरून सांगितलं होतं, ती पोरगी पाण्यात ऐटीत पाय टाकू लागली.

आणि मग जे झालं ते लिफ्टवाल्यानं स्वप्नातही कल्पिलं नव्हतं. लोक टबाकडे धावले.

"दादा, आमच्याला पण घाला पाण्यात!" "पाणी कुठलं आहे?" एका म्हातारबुवांनी तर टबाला हात लावून कपाळाला लावला. बाबांनी संधी साधली. "बघा! माझा आशीर्वाद पाण्यात उतरला!"

"अहो, नळाचं पाणी आहे हे!" लिफ्टवाला बेंबीच्या देठापासून ओरडला. "आणि टब दुकानातला! मी बाबा नाही, मी लिफ्ट दुरुस्त करतो! ज्यांची बाळं अगदी लहान आहेत त्यांनी आपापल्या खुर्चीवर टेकवून बघा. ताट सोडा. बाबा सोडा. स्वतः बघा!"

एका तरुण बापानं घाबरत घाबरत नऊ दिवसांच्या मुलाला खुर्चीच्या बैठकीवर टेकवलं. मुलगा चालला. पलीकडे एकीनं आपली मुलगी पर्सवर चालवली. कुणी डब्याच्या झाकणावर, कुणी नवऱ्याच्या तळहातावर. पाच मिनिटांत अर्ध्या हॉलमध्ये लहान लहान पाय टप टप पडत होते, आणि जिकडेतिकडे चमत्कार झाल्यामुळे चमत्कार कुठंच उरला नव्हता. कुणी तरी मोठ्यानं हसलं. मग सगळेच हसले. बाबा बाजूच्या दारानं कधी सटकले ते कुणी पाहिलं नाही. ताट मात्र मंचावरच राहिलं.

फक्त एक बाई हसत नव्हती. तीच जिन्यातली, दीड वर्षाचा मुलगा कडेवर. तिनं त्याला पाण्यातही धरून पाहिलं होतं. पाय तसेच, कात्रीसारखे.

"याचे आठ आठवडे वजा केले," ती म्हणाली. "तरी बसत नाही हो हा. उशीर झाला का?"

लिफ्टवाल्याला खोटं बोलायचा मोह झाला. एवढ्या आनंदात एक गोड खोटं सहज खपून गेलं असतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "पण ज्यांना माहीत आहे त्यांच्याकडे नेतो. आत्ताच."

डॉक्टरीणबाईंनी मुलाला अर्धा तास तपासलं. आधी आणलं असतं तर सोपं गेलं असतं, हे त्यांनी लपवलं नाही. पण पायांचा व्यायाम आजपासून सुरू करायचा, रोज करायचा, त्यानं फरक पडतो, हेही सांगितलं. ती बाई प्रश्न विचारत सुटली. हा चालेल का? केव्हा? कशावरून? पाय असे का झाले? माझं काही चुकलं का? डॉक्टरीणबाई एकेकाचं उत्तर देत होत्या, आणि जिथं उत्तर नव्हतं तिथं "सांगता येत नाही" असं सरळ म्हणत होत्या. दारात उभ्या लिफ्टवाल्याच्या तेव्हा ध्यानात आलं, की बाबांच्या दरबारात एवढे महिने गेले, पण तिथं प्रश्न फक्त बाबा विचारायचे. त्यानं ताट तेवढं बघितलं होतं, "असं का होतं?" हे एकदाही विचारलं नव्हतं.

वाचकहो, बाळ लवकर आलं तर घरातल्या सगळ्यांचाच थरकाप होतो, आणि घाबरलेल्या माणसाला गर्जून बोलणारा कुणीही खरा वाटतो. म्हणून निदान एवढं लक्षात ठेवा. जो आईला दोषी ठरवतो, जो तपासणी बंद करायला सांगतो, आणि ज्याच्यासमोर "का?" म्हणायची सोय नाही, त्याच्यापुढून आपलं लेकरू उचला आणि चालू लागा.